एकतीस किलो

डबडं उभं ठेवायचं नाही. आडवं.
टाच मधोमध,
एकदाच.
दुसऱ्यांदा मारली की कड वर येते आणि चप्पल कापते.
ही माझी यंदाची तिसरी.

सत्तर डबडी म्हणजे किलो.
हल्ली बहात्तर लागतात,
कंपनीवाले पत्रा पातळ करत चाललेत.
पिणाऱ्याला कळत नाही,
माझ्या टाचेला कळतं.

कोरेगाव पार्कात, गल्लीच्या मागच्या अंगाला,
शनिवारची रात्र रविवारी सकाळी सहाला माझी होते.
वॉचमन आत घेत नाही, पोतं तेवढं बाहेर सरकवतो.
एकदा एका डबड्यातून कानातलं निघालं.
सोनार हसला.

भाचा सुगत टेम्पो चालवतो, त्याला चार गावचे भाव पाठ.
म्हणाला, मावशी, भोसरीत एकशेबावीस चाललाय,
भिवंडीत अजून सहा वर,
आणि सोलापूरला नेलंस तर नव्वदलाही कोणी हात लावत नाही.
मी म्हटलं, डबडं तर तेच ना रे?
डबडं तेच, म्हणाला. भट्टी लांब.

मुंढव्यात इद्रीसभाई एकशेचार देतात.
अठराचा फरक.
अठरा रुपये म्हणजे किती, हे मी
झोप येईपर्यंत वेगवेगळ्या किलोंनी गुणत राहिले.

महिनाभर विकलंच नाही.
पोती आधी पलंगाखाली, मग पलंगावर,
मग आम्ही खाली.
खोलीभर आंबूस वास.
शेजारची लीलावती दारातून म्हणाली,
सोजर, नवऱ्याच्या माघारी तू सुरू केलीस की काय?
तो त्यानंच गेला, तिला ठाऊक होतं.
तरी दोघी हसलो, पार पोट दुखेपर्यंत.

वाण्याच्या काट्यावर एकतीस भरलं.

भोसरीचा काटा जमिनीत बसवलेला, लाल आकड्यांचा.
तोही एकतीसच म्हणाला. बरं वाटलं.
मग टेबलामागचा माणूस म्हणाला, दोन किलो कट.
कशाचा?
पाण्याचा.
मी एक डबडं उचललं, त्याच्या वहीवर उलटं धरलं.
वही कोरडीच.
सगळ्यांनाच असतो, म्हणाला, आणि वही झटकली.

मागं दाबयंत्र होतं.
माझ्या टाचेचा अख्खा महिना
एका मिनिटात चौकोनी झाला, ट्रंकेएवढा.
कुणाचं कुठलं डबडं, काही ओळखू येईना.

एकोणतीस गुणिले एकशेबावीस:
तीन हजार पाचशे अडतीस.
मुंढव्यात एकतीसचे झाले असते तीन हजार दोनशे चोवीस.
वर तीनशे चौदा.
डिझेलचे अडीचशे. सुगत नको नको म्हणत होता,
म्हणून त्याच्या खिशात कोंबले.
वडापाव त्याला, चहा दोघांना, चाळीस.
उरले चोवीस.
आणि दिवस पडला तो कुणाच्या काट्यावर घालू?

मंगळवारी पुठ्ठा घेऊन मुंढव्याला गेले.
इद्रीसभाईंनी काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर बरं झालं असतं,
उत्तर मी रस्ताभर घोटून आणलं होतं.
त्यांनी वहीचं पान तेवढं उलटलं.
माझं नाव. खाली पंचमीच्या बाळंतपणाचे सहा हजार,
रात्री दोनला दुकान उघडून दिलेले.
त्यातले बाराशे अजून उभे.
व्याज कुठंच लिहिलेलं नाही.
मला वाटायचं, घेतच नाहीत.

पुठ्ठा अकरा, म्हणाले.
परवा बारा होता.
आज अकरा.

मी पुठ्ठा काट्यावर ठेवला.
त्यांनी चहा सांगितला, नेहमीसारखा, माझा बिनसाखरेचा.

रात्री सुगतचा फोन:
मावशी, भिवंडीत एकशेतीस झालाय!
मी म्हटलं,
आधी विचार, तिथं कट किती?